कचऱ्यातून उभा राहिलेला डोंगर
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 

आजचा विषय काहींना अनोळखी वाटेल. चीनच्या शाईचित्रांचा आणि धम्माचा काय संबंध, आणि त्या दोहोंचा आपल्याशी काय संबंध, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. मी ज्या चित्रकाराविषयी बोलणार आहे त्याचे नाव शू बिंग. जन्म १९५५ चा, चीनमधल्या छोंगछिंग शहरातला, वाढला बीजिंगमध्ये. वडील बीजिंग विद्यापीठात इतिहास विभागाचे प्रमुख, आई त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात. म्हणजे मुलगा पुस्तकांच्या ढिगात वाढला, पण वाचता येत नव्हते तेव्हा पुस्तके होती आणि वाचता येऊ लागले तेव्हा सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. वडिलांवर प्रतिगामी म्हणून शिक्का बसला. १९७४ ते १९७७ या काळात हा तरुण खेड्यात शेतावर राबला. तिथल्या लोकांना त्याचे अक्षर उपयोगी पडे, भिंतीवरच्या घोषणा आणि सूचनाफलक तो लिहून देई. १९७७ मध्ये त्याला बीजिंगच्या मध्यवर्ती ललित कला अकादमीत प्रवेश मिळाला.

त्याचे नाव जगभर झाले ते एका पुस्तकाने. त्या पुस्तकाचे नाव 'आकाशातून आलेले पुस्तक'. १९८७ पासून त्याने लाकडाचे सुमारे ४००० ठसे कोरले. प्रत्येक ठशावर एक चिनी अक्षर. सोंग राजवटीच्या काळातल्या ग्रंथांसारखी मांडणी, तसाच कागद, तशीच दोऱ्याची शिवण. १९८८ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ही पाने मांडली गेली, छतावरून लांबच लांब पट्टे सोडले गेले. मोठमोठे पंडित पुढे आले, चष्मे पुसले, वाचू लागले. एकही अक्षर लागेना. लागणार कसे? चारही हजार अक्षरे शू बिंगने स्वतः बनवलेली होती, जगातल्या कुठल्याही कोशात ती नव्हती. रेषा सगळ्या खऱ्या आणि जोडणी सगळी खोटी. ज्याला एक अक्षर येत नाही असा हमाल आणि ज्याला दहा हजार येतात असा प्राध्यापक, दोघे त्या पानांपुढे सारखेच निरक्षर उभे होते.

मित्रहो, शाळेच्या दाराबाहेर बसून ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी आतली अक्षरे ऐकली, त्यांना या गोष्टीचा अर्थ मी समजावून सांगायला नको. आपल्या समाजात अक्षर हे कुंपण होते. चीनमध्ये वर्णव्यवस्था नव्हती हे मी आधीच स्पष्ट करतो, कारण घाईघाईने दोन देशांची तुलना करणे बरोबर नाही. तिथे राजाच्या नोकरीसाठी परीक्षा होती, आणि काही गट व सर्व स्त्रिया सोडल्या तर ती कागदोपत्री खुली होती. तरी कुळवाड्याच्या पोराला ती हजारो अक्षरे शिकायला सवड कोण देणार? अक्षर तिथेही सत्तेचेच होते.

आता थोडे मागे जाऊ, तेराशे वर्षे मागे. ह्युएनत्संग आपल्या महाराष्ट्रात आला होता हे आपल्या विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले असेल. तो पुलकेशीच्या राज्यात फिरत होता त्या सुमारास दक्षिण चीनमध्ये एक लहान मूल होते, इसवी सन ६३८ मध्ये जन्मलेले. त्याचे नाव हुइनेंग. वडील लवकर गेले. आईला पोसण्यासाठी तो लाकडाच्या मोळ्या विकत असे. लिहिता-वाचता येत नव्हते. एकदा मोळी पोचवायला गेला असता कोणीतरी वज्रच्छेदिका सूत्राचे पठण करत होते, ते त्याने ऐकले आणि त्याचे मन तिथेच अडकले. कुठे शिकवतात हे, असे विचारत तो उत्तरेकडे होंगरेन या थोर आचार्यांच्या विहारात गेला. हे चान परंपरेचे पाचवे आचार्य. आपला पाली 'झान' शब्द, संस्कृतात 'ध्यान', तोच चीनमध्ये 'चान' झाला आणि पुढे जपानात 'झेन'.

आचार्यांनी त्याला पाहिले आणि विचारले, तू दक्षिणेचा, रानटी मुलखातला, तू बुद्ध कसा होणार? हुइनेंगने उत्तर दिले की माणसे उत्तरेची आणि दक्षिणेची असतील, बुद्धत्वाला उत्तर-दक्षिण नसते. या उत्तरावर त्याला कुठले आसन मिळाले? त्याला पाठवले मागच्या कोठारात, धान्य कांडायला. आठ महिने तो उखळावर होता. विहारात प्रवेश मिळाला, पण मागच्या दाराने. ही जागा वाचताना मी दरवेळी थांबतो.

पुढे आचार्यांनी सांगितले की ज्याला धम्म कळला असेल त्याने गाथा लिहावी. विहारातले सर्वांत विद्वान भिक्खू होते शेनशियू. त्यांनी रात्री भिंतीवर गाथा लिहिली. मनाला त्यांनी आरशाची उपमा दिली आणि तो सतत पुसावा, धूळ साचू देऊ नये, असा तिचा आशय. हुइनेंगला ती वाचता आली नाही. कोणीतरी वाचून दाखवली. मग त्याने आपली गाथा सांगितली आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतली. ज्या आरशाची एवढी काळजी चालली आहे तो मुळात आहे असे धरून का चालता, असा तिचा रोख होता. आचार्यांनी रात्री गुपचूप बोलावून चीवर त्याला दिले आणि सांगितले, इथून निघून जा, नाहीतर हे लोक तुला सोडणार नाहीत.

आता यातली किती हकीकत घडली आणि किती नंतर रचली गेली? आजच्या संशोधकांचे मत असे की बरेचसे नंतरचे आहे. हुइनेंगच्या मृत्यूनंतर शेनहुइ नावाच्या भिक्खूने आठव्या शतकात आपल्या परंपरेचा जोरदार प्रचार केला, त्यातून ही कथा घडत गेली. शेनशियू कोणी दुर्जन नव्हते. सम्राज्ञी वू हिने त्यांना राजधानीत बोलावून सन्मान केला होता. आणि खरे सांगायचे तर त्यांचा उपदेशही वाईट नाही. आपल्यापैकी बहुतेकांना आधी आरसा पुसायलाच शिकावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिवाद शिकवला, तेव्हा चमत्कारासारखी ही कथा घेऊ नये. पण एका बलाढ्य, विद्वान परंपरेने आपला सहावा आचार्य म्हणून निरक्षर मोळीविक्या निवडावा आणि त्याची कथा शतकानुशतके सांगावी, ही गोष्ट कथा म्हणूनही लहान नाही.

इथे एक इशारा देतो. हुइनेंगचे नाव घेऊन कोणी आपल्याला सांगेल की सत्य अक्षरांच्या पलीकडे असते, पुस्तकांचा नाद कशाला? असे सांगणाऱ्याच्या कपाटाकडे एकदा पाहा. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत त्याला पुस्तकांपलीकडे जाण्याची भाषा परवडते. आपल्याला बाबासाहेबांनी पहिला शब्द दिला तो 'शिका'. हुइनेंगलाही गाथा लिहवून घेण्यासाठी दुसऱ्याचा हात लागलाच ना!

चित्रकलेकडे येतो. चिनी शाई म्हणजे पाइनच्या लाकडाची काजळी आणि सरस यांची कांडी. चंदन उगाळावे तशी ती सहाणेसारख्या दगडावर पाणी घालून उगाळायची. पाणी कमी तर गर्द काळी, जास्त तर धुक्यासारखी. कागद इतका शोषून घेणारा की एकदा कुंचला टेकला की झाले. खोडणे नाही, पुसणे नाही, वरून रंग लावून झाकणे नाही. डोंगराचा खडबडीतपणा दाखवायला वेगवेगळ्या जातीच्या रेघा ठरलेल्या असतात, एकीला तर सोललेल्या तागाच्या धाग्यांचे नाव आहे. ते लक्षात ठेवा, पुढे काम पडणार आहे.

तेराव्या शतकात लिआंग काइ नावाचा दरबारी चित्रकार होता. सोन्याचा पट्टा हा दरबारचा मोठा मान त्याला मिळाला होता. तो पट्टा टांगून ठेवून तो निघून गेला असे सांगतात. त्याने हुइनेंगचे चित्र काढले, ते आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात आचार्य उकिडवे बसून बांबू तोडत आहेत. आसन नाही, प्रभावळ नाही. कोरड्या कुंचल्याचे मोजके फटकारे, एक हात बांबूवर, एका हातात कोयता. एका मजुराला कामात असताना दाखवले आहे आणि तोच आचार्य आहे.

पण पुढे काय झाले पाहा. मिंग राजवटीत तुंग छीछांग (१५५५ ते १६३६) हा मोठा अधिकारी, सुलेखनकार आणि चित्रकार होऊन गेला. त्याने चित्रकलेचा इतिहास दोन पंथांत वाटला, उत्तर पंथ आणि दक्षिण पंथ. ही नावे त्याने भूगोलावरून घेतली नाहीत. चान परंपरेत शेनशियूचा तो उत्तर पंथ आणि हुइनेंगचा तो दक्षिण पंथ अशी विभागणी होती, तीच त्याने उचलली. उत्तर पंथात कोण? दरबारी आणि पोटासाठी चित्रे काढणारे कसबी चितारी. दक्षिण पंथात कोण? फावल्या वेळात, मोबदल्याची गरज नसताना चित्रे काढणारे विद्वान अधिकारी. आणि श्रेष्ठ अर्थातच दक्षिण पंथ. धान्य कांडणाऱ्या निरक्षर माणसाचे नाव, आणि ते वापरले गेले ज्यांनी आयुष्यात मुसळ धरले नाही त्यांची थोरवी सांगायला! हाताने काम करून पोट भरणारा चितारी त्याच नावाने खाली ढकलला गेला. धम्मातले शब्द असे पळवले जातात. आपल्याकडे काय काय पळवले गेले त्याची यादी मी आज काढत बसत नाही.

या तुंग छीछांगचा शिष्य वांग शीमिन (१५९२ ते १६८०). महामंत्र्याचा नातू. जुन्या थोर चित्रकारांचे कुंचले गिरवून गिरवून त्याने डोंगर, धबधबे, झाडी, झोपड्या काढल्या. चित्रे सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. त्याचे १६५४ चे एक निसर्गचित्र लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे, आणि तिथेच आपला शू बिंग पुन्हा येतो.

२०११ मध्ये त्या संग्रहालयात त्याने 'पार्श्वकथा ७' नावाची कलाकृती उभारली. माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट एक उजळलेला फलक. समोरून पाहिले तर वांग शीमिनचा तोच डोंगर. तीच धुक्याची घडी, तीच झाडांची टोके, तेच पाणी. शाई कुठे गर्द, कुठे विरलेली. आता मागे जा. मागे डोंगर नाही, मागे कचरा आहे. वाळक्या काटक्या, कणसाची सालपटे, चुरगाळलेली वर्तमानपत्रे, प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टीचे तुकडे, तागाचे धागे. मघाशी ज्या रेघेला तागाचे नाव आहे म्हणालो, ती रेघ इथे खऱ्या तागाने झाली आहे! शाईचा एक थेंब नाही.

हे होते कसे, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. मध्ये दुधी काच आहे आणि मागून दिवे. काटकी काचेला टेकली की समोर ती काळी, धारदार रेघ दिसते. तीच दोन बोटे मागे सरकवली की रेघ फिकी होते, आणखी मागे नेली की नुसती सावली, म्हणजे धुके. चित्रकार पाणी कमी-जास्त करून जे साधत असे ते इथे अंतर कमी-जास्त करून साधते. हे त्याला सुचले ते विमानतळावर दुधी काचेमागे ठेवलेली कुंडी पाहून. पहिला प्रयोग त्याने २००४ मध्ये बर्लिनच्या पूर्व आशियाई कला संग्रहालयात केला. त्या संग्रहालयाचा बहुतेक संग्रह दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत फौजांनी नेला होता. नाहीशा झालेल्या चित्रांच्या छाया त्याने काचेवर उभ्या केल्या आणि मागे रद्दी ठेवली. चित्र गेले होते, छाया आली होती.

लोकांना तो मागे जाऊ देतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. जादूगार कधी मागची बाजू दाखवत नाही. परंपरेचे ठेकेदारही दाखवत नाहीत. समोर धुक्यातला पवित्र डोंगर असतो, आणि तो कशाचा बनला आहे, कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे विचारणाऱ्याला पाखंडी म्हणतात. कोणी म्हणेल की शू बिंग परंपरेची चेष्टा करतो. मला तसे वाटत नाही. चेष्टा करणारा इतक्या मायेने काटक्या लावत बसणार नाही. मागची बाजू पाहून पुन्हा पुढे आलात की डोंगर तसाच सुंदर दिसतो. ही प्रतीत्यसमुत्पादाची तसबीर आहे असे मी म्हटले तर भन्तेजी मला माफ करतील अशी आशा आहे. डोंगर आहे, पण स्वतःच्या बळावर नाही. काटकी, कागद, काच, दिवा आणि पाहणारा डोळा एकत्र आले तेवढ्यापुरता आहे. मात्र शू बिंग हा काही धम्मप्रचारक नाही. तो चित्रकार आहे, आणि त्याला जबरदस्तीने उपासक करण्याचे कारण नाही.

तरी हुइनेंगशी त्याचा हिशेब राहिलेला होता. १९९० मध्ये तो अमेरिकेत गेला. देशात त्याच्या त्या न वाचता येणाऱ्या पुस्तकावर कडक टीका सुरू झाली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधले दोन उत्तुंग मनोरे पडले तेव्हा तो त्याच शहरात होता. खालच्या मॅनहॅटनवर जी राखाडी धूळ बसली तिच्यातली थोडी त्याने गोळा करून ठेवली. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, वेल्समधल्या कार्डिफ शहरात त्याने ती मांडली. धूळ देशाबाहेर नेणे सोपे नव्हते, म्हणून तिची साच्यात घालून एक लहान बाहुली केली, आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा दळली. एका खोलीत जमिनीवर अक्षरांचे साचे ठेवले, धूळ हवेत उडवली, ती रातोरात खाली बसू दिली आणि साचे उचलले. जिथे धूळ बसली नाही तिथे अक्षरे उमटली. अक्षरे कोणती? त्या मोळीविक्याच्या गाथेचा शेवट, इंग्रजीत. कलाकृतीचे नावही त्यातूनच घेतलेले, 'धूळ बसते तरी कुठे?' या कामाला आर्टेस मुंडी हा पुरस्कार मिळाला, पहिल्याच वर्षीचा, ४०,००० पौंडांचा.

त्या धुळीत इमारतींबरोबर माणसेही होती. तिला कलादालनात मांडणे योग्य का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्थानी नाही. पण तिथे ना कोणाचा झेंडा आहे, ना सूडाची भाषा. जिने एवढा डोंगर पाडला ती शक्ती आणि बोटाने पुसली जाईल अशी धूळ, दोन्ही एकाच खोलीत. लिहिणारा हात ज्याच्याकडे नव्हता त्याची गाथा तेराशे वर्षांनी दुसऱ्या एका दुःखाच्या जमिनीवर उमटली, आणि तीही न लिहिता.

एक काम थोडक्यात सांगतो. २००८ मध्ये बीजिंगमधल्या एका नव्या व्यापारी इमारतीसाठी त्याला मोठे शिल्प करायला सांगितले. तो बांधकामावर गेला आणि परगावच्या मजुरांची राहणी पाहून हादरला. त्याने बांधकामावरच्याच टाकाऊ वस्तूंतून, फावडी, शिरस्त्राणे, लोखंडी सळ्या, पंखे यांतून, मजुरांच्या मदतीने दोन अजस्र फिनिक्स पक्षी केले; दोन्ही मिळून सुमारे १२ टन. ज्यांनी काम सांगितले होते त्यांना ते पसंत पडले नाही. शेवटी दुसऱ्याने विकत घेतले आणि २०१४ मध्ये ते पक्षी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या प्रचंड चर्चमध्ये छताला टांगले गेले. हे चर्च कोलंबिया विद्यापीठापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते तेव्हा त्याचे बांधकाम चालूच होते.

आता आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट, थोडी कडू आहे. आपल्या विहारांच्या भिंतींवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी किती वेळा काढला गेला आहे! छापील चित्रावर चौकटी आखायच्या आणि मोठा करायचा. श्रद्धेने काढता, त्याबद्दल आदर आहे. पण वांग शीमिनही गिरवतच होता. अजिंठ्यात दान देणाऱ्यांचे लेख आहेत, चितारणाऱ्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते रंग कुठून आणत, भिंतीवर गिलावा कसा देत, त्यासाठी माती आणि भुसा कोण मळत होते, हे किती जणांनी विचारले? पद्मपाणी जरूर काढा. फक्त एकदा त्या भिंतीच्या मागच्या बाजूने विचार करून काढा. आपल्या वस्तीत काय पडलेले आहे, ते कोण उचलते, त्यातून काय उभे राहू शकते, हा विचार शहरातल्या कुठल्याही कलाशाळेआधी आपल्याला सुचायला हवा होता. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी झाडू आणि पाटी होती. एका चिनी प्राध्यापकाच्या मुलाला कचऱ्यात डोंगर दिसला. आपण त्या कचऱ्याच्या कितीतरी जवळ होतो.

व्याख्यान लांबले. व्यवस्थापकांनी प्रोजेक्टर आणून ठेवला आहे, खिडक्या तेवढ्या लावून घ्याव्यात. बारा-तेरा चित्रे आहेत. पहिले लिआंग काइचे, बांबू तोडणाऱ्या हुइनेंगचे. त्यानंतर 'पार्श्वकथे'ची चित्रे मी मुद्दाम उलट क्रमाने लावली आहेत, आधी मागची बाजू आणि मग पुढची. लहान मुलांना पुढे बसू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!